भूपालअण्णांनी बंद केलेल्या गोळ्या

गुळाच्या पेठेत भूपाल मगदूम नावाचे एक अडते होते. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. स्वभावाने ते मोकळे होते आणि अंगाने अवाढव्य. दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्येच उभे राहून धापा टाकत. गुडघे बोलत, झोपेत श्वास अडके, त्यात मधुमेह. गुळाच्या व्यापाऱ्याला साखरेचा आजार, म्हणून पेठ हसे. अण्णाही हसत. पण एकदा भर सौद्यात ते कोसळले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बायकोच्या, पद्मावतीबाईंच्या, तोंडचं हसू गेलं.

मग शहरातल्या डॉ. शर्वरी नाडगौडा यांनी अण्णांवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केली. जठर लहान केलं, आतड्याची वाट थोडी वळवली. घरी सोडताना बाई म्हणाल्या, "माझं काम झालं, अण्णा. आता रोजचं काम तुमचं. थोडं थोडं खायचं, चावून चावून. आधी डाळ, पनीर, दही, भाकरी-भात नंतर. जेवताना पाणी नाही. रोज चालायचं. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. काही अडलं तर मला विचारा."

अण्णांनी मान डोलावली. बाई बोलत होत्या तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. घरी आल्यावर मात्र काहीच सोपं राहिलं नाही.

थोरली बहीण चंपाक्का भेटायला आली. वाटीतलं वरण बघून तिने कपाळाला हात लावला. "एवढ्यावर माणूस जगतो होय रे? तूप घाल त्यात. लाडू खा एखादा." शेजारचा व्यायामशाळेवाला म्हणाला, "अण्णा, जेवणच सोडा. नुसती पावडर प्या." मोबाईलवर एक जण सांगे, पाणी भरपूर प्या. दुसरा सांगे, पाण्याला हात लावू नका. अण्णांनी भाकरीबरोबर पाणी पिऊन पाहिलं, तर घास छातीत अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. सौद्याच्या वेळी सवयीने गुळाचा खडा तोंडात टाकला, तर घाम फुटला, छाती धडधडली आणि पेठ भोवती फिरू लागली. मग त्यांनी भीतीने दिवसभर काहीच खाल्लं नाही. संध्याकाळी चक्कर आली, ती उपासाची की गुळाची, हेही कळेना.

गोळ्यांचं तर विचारूच नका. लोहाची कोणती, कॅल्शियमची कोणती, दुधाबरोबर कोणती, रिकाम्या पोटी कोणती? अण्णा कधी सगळ्या एकदम चहाबरोबर घेत, कधी सगळ्या जेवणावर ढकलत. एकदा सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घेतली. पोट बिघडलं.

पद्मावतीबाई म्हणाल्या, "अहो, बाईंना विचारा की. त्यांनीच सांगितलंय ना?"

"एवढ्याशासाठी? काय म्हणतील त्या? पेठेचा कारभार सांभाळणाऱ्या माणसाला चार गोळ्या सांभाळता येत नाहीत!"

आणि अण्णांनी विचारलं नाही.

काही दिवसांनी त्यांनी या घोळावर एक सोपा तोडगा काढला. गोळ्या घेणंच बंद केलं. गंमत म्हणजे काहीच झालं नाही. वजन उतरतच राहिलं. साखर आटोक्यात आली, गुडघे शांत झाले. अण्णा पायऱ्या न थांबता चढू लागले. त्यांना वाटलं, आपला गोंधळ मिटला.

आता पेठेत त्यांचं कौतुक सुरू झालं. जो तो विचारी, "अण्णा, कसं केलंत हे?" ज्यांना घरी स्वतःची वाटी किती भरावी हे कळत नव्हतं, ते अण्णा दुकानाच्या गादीवर बसून लोकांना आहार सांगू लागले. आवाज ठाम असे. ऐकणाऱ्याला वाटे, या माणसाला सगळं माहीत आहे. हळूहळू अण्णांनाही तसंच वाटू लागलं.

त्याच गावात रोहिणी उपाध्ये शिवणकामाचा वर्ग चालवत असे. तिचा नवरा शांतिनाथ दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. वाढत्या वजनाने तीही बेजार होती. अण्णांना बघून तिने धीर केला आणि त्याच डॉक्टरबाईंकडून तीच शस्त्रक्रिया करून घेतली. पण तिला ते मानवेना. घाईघाईने दोन घास खाई, वर पाणी पिई आणि उलटी करी. रोजच असं होऊ लागलं. एका सकाळी ती अण्णांच्या दुकानी आली.

"अण्णा, गोळ्या पोटात टिकतच नाहीत हो. नुसतं मळमळतं. काय करू?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळे अण्णांच्या तोंडाकडे पाहत होते. मला कळत नाही, बाईंना विचार, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण अण्णा म्हणाले, "अगं, टाकून दे त्या. मी केव्हाच सोडल्या. बघ माझ्याकडे, काय झालंय मला?"

रोहिणीने त्यांच्याकडे पाहिलं. ताठ पाठ, हलकं अंग. ती घरी गेली आणि तिने गोळ्या फेकून दिल्या.

इकडे अण्णांना मात्र काहीतरी होऊ लागलं होतं. तळपायांना मुंग्या येत. जीभ भाजल्यासारखी चुरचुरे. कंगव्यात केसांचे पुंजके निघत. एका सौद्यात तर रोज भेटणाऱ्या व्यापाऱ्याचं नावच त्यांना आठवेना, आणि ते तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. हे कशाने होतंय, त्यांना कळेना. वय? उन्हाळा? कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, हेच का आपले बरे झालेले अण्णा? म्हणून ते गप्प राहिले.

आणि एके दिवशी रोहिणी वर्गात उठायला गेली ती उठलीच नाही. पायांत जोर नव्हता. तिला एका मुलीच्या जागी दोन दिसत होत्या. घरात एकच गडबड उडाली. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, वात आहे, तेल चोळा. शांतिनाथच्या मनाने मात्र एकच घेतलं. तो तडक अण्णांच्या दुकानी आला.

"अण्णा, त्या डॉक्टरनं माझ्या बायकोचं वाटोळं केलं. तुमच्या शब्दाला वजन आहे. चला आमच्याबरोबर. तिला जाब विचारू."

अण्णा गादीवरून उठले. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार. ते गाडीत बसले. मागच्या सीटवर रोहिणी आडवी होती. वाटेत तिने हळूच विचारलं, "अण्णा, तुम्हाला नाही ना झालं असलं काही?"

अण्णांच्या पायांना तेव्हाही मुंग्या येत होत्या.

"नाही," ते म्हणाले.

दवाखान्यात शांतिनाथने दारातच आवाज चढवला. बाई थेट रोहिणीपाशी गेल्या, तिचे डोळे पाहिले, पाय पाहिले आणि विचारलं, "उलट्या होत होत्या?"

"रोज," शांतिनाथच म्हणाला. "सगळं तुमच्यामुळं!"

"आणि गोळ्या?"

रोहिणीने क्षणभर अण्णांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मीच बंद केल्या. माझ्या मनानं."

शांतिनाथ चमकला. त्याला हे माहीतच नव्हतं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना काय वाटत होतं, ते त्यांनाच उमगत नव्हतं. सुटलो, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी अंगाला काटा येत होता. ही रोहिणी पाय हरवून बसली आहे, आणि तरी माझं नाव घेत नाही. आता एक अक्षर न बोलता घरी जाता येईल. पेठेला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही.

ते पुढे आले.

"तिच्या मनानं नाही, बाई. तिला मी सांगितलं. मीही गोळ्या सोडल्यात. आणि मघाशी मी तिच्याशी खोटं बोललो. माझेही पाय बधिर होतायत."

शांतिनाथने त्यांच्याकडे बघितलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्ही बाहेर जाऊन बसा."

अण्णा बाहेर जाऊन बसले. आत बाईंनी आधी रोहिणीला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुरू केलं, बाकीचं बोलणं मागाहून. त्या शांतिनाथला म्हणाल्या, "अन्न पोटात टिकत नव्हतं, गोळ्याही बंद. अंगातला साठा संपला, म्हणून नसा दुखावल्या. आज आणलंत हे बरं केलंत. पायांत जोर येईल. पण वेळ लागेल, आणि सगळं पूर्वीसारखं होईल असं वचन मी देत नाही."

मग त्यांनी अण्णांचं रक्त तपासलं. तिथेही खडखडाट निघाला.

"मला का विचारलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"कसली?"

अण्णांनी खूप विचार केला. जिच्यापायी एवढं झालं, ती लाज कसली होती, हेच आता सापडत नव्हतं.

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. लोहाची गोळी सकाळी, चहा-दुधाशिवाय. कॅल्शियमची तिच्यापासून लांब, जेवणानंतर. बाकीच्या कोणत्या कधी, तेही त्यांनी सांगितलं. अण्णांनी तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि बाईंनी प्रत्येक वेळी सांगितलं. अखेर त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणून काही बंद करायचं नाही. कमी पडतंय हे शरीर लगेच बोलत नाही. आणि हे सगळं तुमचं आहे. रोहिणीचं वेगळं असेल."

रोहिणी घरी आली. पायांत हळूहळू बळ आलं. आधी ती भिंत धरून चालली, मग काठी घेऊन. पायाच्या बोटांची जाणीव मात्र पुरती परत आली नाही. शिवणमशीनचं पायडल तिला पायाखाली जाणवत नसे. आता ती खुर्चीवर बसून मुलींना सांगे, आणि मशीन मुली चालवत. उलट्या थांबल्या होत्या. छोटे घास, सावकाश चावणं आणि जेवण झाल्यावर बऱ्याच वेळाने पाणी, हे तिला जमू लागलं होतं.

बाईंनी दोघांनाही रोज चालायला सांगितलं होतं. अण्णा रोज सकाळी रोहिणीला सोबत करायला तिच्या दाराशी जात. शांतिनाथ दार उघडी, त्यांना बघे आणि दार लावून घेई. अण्णा एकटेच चालून येत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. पद्मावतीबाई म्हणाल्या, "तो बोलत नाही तर कशाला जाता?" अण्णा म्हणाले, "जाऊ नये तर काय करावं, तेही मला कळत नाही."

एके दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस दुकानी आला. त्याचं नुकतंच असलंच ऑपरेशन झालं होतं. त्याने अण्णांचं नाव ऐकलं होतं. दुकान भरलेलं होतं. डेअरीने मागवलेला गूळ न्यायला शांतिनाथही आला होता; तो कोपऱ्यात पाठ करून उभा होता.

"अण्णा, गोळ्या घेतल्या की मळमळतं. सोडू का काही दिवस?"

सगळे अण्णांच्या तोंडाकडे पाहू लागले. अण्णांचे कान तापले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? एवढा अनुभव तुमचा!"

"माझाच आहे तो. एकीला मी असाच सल्ला दिला होता आणि तिचे पाय गेले होते. तुझं ऑपरेशन ज्यानं केलंय, त्याला आत्ता, इथं बसून विचार. मग चहा घेऊ."

दुकानात कुजबुज झाली. पेठेला ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. कुणी मान फिरवली, कुणी खाली बघितलं. तो माणूस फोनवर चाचरत डॉक्टरांशी बोलू लागला. शांतिनाथ गुळाची ढेप उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीसारखे त्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्यात रोहिणी काठी घेऊन उभी होती आणि शांतिनाथ वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"हळू चालायचं," तो म्हणाला. "तिला दमवू नका. मीही येतो."

तिघं रस्त्याला लागले. रोहिणीच्या एका बाजूला शांतिनाथ होता, दुसऱ्या बाजूला अण्णा. ती अडखळली की दोघंही थांबत.

तात्पर्य: आपल्याला जे कळत नाही ते विचारण्यात कमीपणा नसतो; पण न कळलेलं कळल्यासारखं सांगितलं तर त्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते. आणि बरं वाटू लागलं म्हणून पथ्य संपत नाही, ते रोजच पाळावं लागतं.