ठकूचा जाड दोरा

भर दुपारी, बरोबर बारा वाजता हे सुरू झालं. त्या काळी गावात घड्याळ नव्हतं. पण नदीकाठच्या देवळापुढं दीपमाळ आहे ना, तिची सावली तिच्याच पायाशी गोळा झाली की ढोणगावात बारा वाजत. जत्रा किंवा जावळ असल्याशिवाय त्या वेळेला डोहाकडे कुणी फिरकत नसे. लेकुरवाळी बाई तर नाहीच नाही.

याला किती वर्षं झाली ते कुणी सांगू शकत नाही. देवळामागचा वड तेव्हा रुजलासुद्धा नव्हता, असं म्हणतात.

ढोणगावात ठकू नावाची भोईण होती. ती गळाचे दोरे वळायची. अंबाडीचा वाख सोलायचा, चातीवर म्हणजे लाकडी फिरकीवर घुमवून पीळ द्यायचा, वरून मेण चोळायचं. तिच्याएवढा बारीक दोरा पंचक्रोशीत कुणाच्या हातून निघत नसे. तिला ते ठाऊक होतं, आणि लोकांनी तसं म्हणावं असंही तिला वाटे.

बारीक दोऱ्याचं एवढं कौतुक कशाला? तर गावच्या जत्रेत गळाची पैज लागायची. मासा मोठा हवा, पण दोरा बारीक हवा. मासा काठाला आला की तो दोरा देवळाच्या खुंटीला बांधत, खाली करवंटी टांगत आणि तिच्यात मूठमूठ वाळू घालत. जितक्या थोड्या वाळूत दोरा तुटेल तितकं त्या माणसाचं नाव मोठं. पालखीचा पहिला खांदा त्याचा.

आता जाड दोऱ्यावर मासा सरळ ओढून काढता येतो. बारीक दोऱ्यावर तसं होत नाही. त्याला पळू द्यायचं, मागे आणायचं, पुन्हा पळू द्यायचं, अगदी त्याचं काळीज फुटेपर्यंत. नाहीतर दोरा तुटायचा आणि गळ माशाच्या तोंडात राहायचा. जत्रा उठली की कितीतरी मासे पोट वर करून काठाला लागत. ते कुणी खातही नसे.

ठकूचा धाकटा भाऊ खेमा या पैजेपायी वेडा झाला होता.

"अक्का, जाड दोरीनं रेडकूबी वढता येतं," तो म्हणायचा. "बारीक दोऱ्यावर माशालाबी सुटायची संधी असती. ह्याला खेळ म्हणत्यात."

ठकूची सासू उंबऱ्यात मासे साफ करत बसलेली असे. ती तिथूनच ओरडे, "घशात गळ घेऊन सुटला, ह्याला सुटणं म्हणतोस व्हय रं? खायचाय तर एका हिसक्यात काढ आन् एका घावात मार. त्याला तासभर नाचवायला तो काय तुझा मेव्हणा हाय?"

खेमा हसायचा. त्याला डोहातली नथवाली हवी होती.

नथवाली म्हणजे एक म्हातारी खडस. सोन्याच्या रंगाचा, तळहाताएवढ्या खवल्यांचा तो मासा. किती जणांनी तिला बारीक दोऱ्यावर धरलं आणि किती जणांचे दोरे तुटले. ते सगळे गळ तिच्या ओठात तसेच राहिले होते. पाण्याखालून गेली की नथीसारखे चमकायचे, असं म्हणतात.

त्या वर्षी ठकूच्या लेकीचं, हौशीचं, जावळ काढायचं होतं. मामाच्या मांडीवर बसवून, बरोबर बारा वाजता. केस रेशमासारखे होते. पानाच्या द्रोणात घालून ते नदीला सोडायचे, ही रीत. मामानंच सोडायचे. पण खेमा द्रोण हातात धरून उभाच राहिला.

"अक्का, एवढा बारीक वाख तुझ्या चातीलाबी निघायचा न्हाई."

"अरं, नदीचं हाय ते. सोड की!"

"नदीलाच देतो. दोऱ्यावरनं देतो."

ठकूला भावाला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर तिचे हातही शिवशिवत होते. तिनं वाखाच्या दोन तंतूंत लेकीच्या जावळाचा पीळ घातला. असा दोरा निघाला की उन्हात धरला तरच दिसे. पण वळताना चाती रोजच्यासारखी घुमली नाही. मुकी फिरली.

जत्रेच्या दिवशी सगळा गाव काठावर होता. ठकू घरात होती, हौशी झोळीत होती. बाहेर दीपमाळेची सावली गोळा झाली आणि काठावरून आरडाओरडा उठला, "लागली! नथवाली लागली!"

ठकूनं हसून झोळीत पाहिलं.

हौशीचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. डोळ्यांची पापणी हलत नव्हती. अंग गार, ओलसर लागलं.

काठावरून हाक आली, "ओढ!" तसं लेकराचं डोकं नदीच्या दिशेला ओढलं गेलं. हाक आली, "सोड!" तेव्हा कुठे एक श्वास आत गेला. पुन्हा "ओढ!" आणि पुन्हा ती मान वळली.

ठकूला सगळं कळलं. तिनं लेकराला सासूच्या ओटीत टाकलं. "आत्याबाई, हिला धरा. नदीकडं जाऊ देऊ नका," एवढंच म्हणाली आणि धावली.

"खेमा, वढू नगंस!"

"अक्का, थकलीया आता. काठाला येतीया!"

"तुजी भाची मरतीया रं!"

खेमानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि कमरेचा कोयता उपसला.

"तोडू नगंस!" ठकू किंचाळली. "तोडलास तर गळ ऱ्हाईल घशात. नुसता ढिला धर. हात हलवू नगंस."

आणि तो दोरा चिमटीत धरून ती डोहात उतरली. दोऱ्यामागून दोऱ्यामागून, गुडघा, कंबर, छाती. डोहात तळ नाही म्हणतात, पण ती चालतच राहिली. नथवाली तिच्यासमोर येऊन थांबली. सगळ्या गावानं पाहिलं. ठकूनं हळूच, लेकराच्या तोंडातला खडा काढावा तसा, खेमाचा गळ काढला. मग बाकीचेही काढले. एक काढायचा आणि पदराला टोचायचा. मासा हलला नाही.

मग पाणी तिच्या डोक्यावरून मिटलं. तरंगसुद्धा उठला नाही.

तेवढ्यात गावातून हौशीच्या रडण्याचा आवाज आला. असं खणखणीत रडणं की काठावरच्या बायाही रडल्या.

खेमानं दोरा ओढला. हलकाच आला. टोकाला नुसता पदर होता, आणि त्याला सगळे गळ ओळीनं टोचलेले.

हौशी पुढे पिकून म्हातारी झाली. तिच्या ओठावर नथीच्या भोकाएवढा व्रण होता, असं म्हणतात. खेमानं मात्र त्याच दिवशी देवळाच्या खुंटीवरची करवंटी काठोकाठ वाळूनं भरली आणि सांगितलं, आता उलटं मोजायचं.

तेव्हापासून ढोणगावात आधी दोरा तोलतात, मगच गळ टाकतात. भरल्या करवंटीनं जो तुटेल तो दोरा पाण्यात जात नाही. जो टिकेल त्याला ठकूचा जाड दोरा म्हणतात. मासा लागला की सरळ ओढायचा आणि लगेच मारायचा. बाराच्या आधी सगळे गळ पाण्याबाहेर काढायचे. आणि जावळ काढलं की मामा गुडघाभर पाण्यात उतरून द्रोण सोडतो, मग वळून दोन्ही रिकामे तळहात बहिणीला दाखवतो. ती पाहते तेव्हाच तो बाहेर येतो.

ऐन बाराला डोहाजवळ कान दिलात तर पाण्याखाली चाती घुमल्यासारखी ऐकू येते. ठकू तिथं जाड दोरा वळते, असं म्हणतात.

हल्ली लांबून माणसं येतात. लवचिक काठ्या आणतात, दिसणारही नाही असा दोरा आणतात. मासा दमवतात, फोटो काढतात, सोडून देतात. सोडला म्हणजे जगला असं त्यांना वाटतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला एवढं सांगा, की बाबा, ढोणगावला येताना जाड दोरा आण. आणि निघण्याआधी घरात कुणाचं तान्हं झोळीत आहे का, ते बघून ये.