कापूर थांबला

भाविकहो, श्रीकेवलनाथ महाराज खडकवाडीत भैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला होते, त्या वर्षीची ही हकीकत. उत्सवात आरतीचा मान तिथे घराघरांत वाटलेला असे. ज्याचा मान त्याने आरती पाठ म्हणायची, आणि तीही ताटातला कापूर विझायच्या आत पुरी करायची. कापूर आधी विझला तर मान दुसऱ्या घराला जाई.

अष्टमीचा मान रायबा कोष्ट्याचा. आजवर त्याची बायको चिमाबाई शेजारी उभी राहून आरती म्हणायची आणि रायबा तिच्यामागून ओढत न्यायचा. ती फाल्गुनात वारली. आता रायबा दिवसभर मागावर कापड विणता विणता आरती घोकायचा आणि संध्याकाळी तिसऱ्या कडव्यात हटकून अडायचा. देवळाचे पुजारी भानुभट हीच आरती एका दमात म्हणत. ते येताजाता त्याला टोमणा मारत, की गाळण्यात निदान गाळ तरी राहतो, तुझ्या डोक्यात तोही राहत नाही.

शेवटी रायबाने महाराजांचे पाय धरले. "महाराज, तिनं राखलेला मान माझ्या हातनं जातुया."

महाराज म्हणाले, "अडलास की पहिल्यापासून म्हण. कापराकडे बघू नकोस, तो भैरवनाथ बघेल."

अष्टमीला ताट लावताना भानुभटांनी कापराची वडी मोडली आणि हरभऱ्याएवढा तुकडा ठेवला. रायबाने आरती धरली, तिसऱ्या कडव्यात अडला. लोक हसले. त्याने डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच अडला. भानुभट ताटाकडे बघत होते. कापूर एव्हाना विझायला हवा होता, पण ज्योत तशीच उभी होती. हळूहळू हसणारेही ताटाकडे बघू लागले. रायबाला यातले काहीच ठाऊक नव्हते. असे किती वेळा झाले कोण जाणे. अखेर तिसरे कडवे सापडले, त्यामागून चौथे आले, शेवटचा शब्द संपला आणि मगच कापूर विझला. काय ती नाथांची माया!

भानुभट महाराजांच्या पायांवर कोसळले. "कापूर मीच मोडला होता, महाराज."

महाराज म्हणाले, "तुमची आरती इतकी भरभर होते, की नाथांना ऐकायला सवडच मिळत नाही. आज त्यांनी ऐकली. पाय धरायचे तर रायबाचे धरा."

भानुभट रायबापुढे वाकले. तो बिचारा गोरामोरा होऊन मागे सरला.

"भटजी, पाया कशाला पडताय? त्यापरीस ते तिसरं कडवं एकडाव सावकाश सांगा. पुढल्या साली लागंल."

भानुभट त्याच्या शेजारी बसले आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी ती आरती सावकाश म्हटली.