अडलेल्या चाकाचे चार नट

माझं कुणी खरं मानलं नाही, ही तक्रार आधी मांडते. मासळी विकणाऱ्या बाईला गाडीतलं काय कळणार, असं मला तोंडावर ऐकवण्यात आलं. तरीही ही गोष्ट मी कृतज्ञतेनंच सांगते आहे, कारण त्या दिवशी एक जीव वाचला.

खाडीकाठच्या एका गावी एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. तिशीतला, दोन लेकरांचा बाप. अंगात बळ भरपूर आणि घाई त्याहून जास्त. माझ्या मासळीच्या गाडीच्या मागच्या चाकातून घासल्यासारखा आवाज येत होता, म्हणून एका सकाळी मी ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे नेली. मिस्त्री आत दुसऱ्या कामात होते. शिष्यानं जॅक लावला, चारही नट काढून बाजूला ठेवले आणि चाक ओढलं. चाक हललं नाही. त्यानं लाथा घातल्या. सगळी गाडी हादरली, चाक मात्र जागच्या जागी.

मी उभी राहून पाहत होते. प्रत्येक लाथेसरशी जॅक वाळूत थोडा थोडा कलत होता.

"अरे, जॅक सरकतोय तुझा," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही बांगडे मोजा. जॅक मी बघतो."

आपली गाडी घेऊन आलेला एक व्यापारी बाकावर चहा पीत होता. तोही हसला. "बाई, गाडी आहे ती. पापलेट नव्हे हातातून निसटायला."

एवढ्यात शिष्य हातोडा घेऊन जमिनीवर आडवा झाला. चाकाच्या पाठीवर आतून घाव घालायचे, असा त्याचा विचार. डोकं गाडीखाली गेलं, खांदे गेले. मग मी मुलाहिजा ठेवला नाही. त्याचे दोन्ही पाय धरले आणि मासळीची पाटी ओढावी तसं त्याला बाहेर ओढलं.

"मेल्या, तुझ्या बायकोला जाऊन काय सांगू मी?"

तो चिडून काही बोलणार, तोच आरडाओरडा ऐकून मिस्त्री बाहेर आले. त्यांनी वाकून जॅकचा पाय निरखला आणि एवढंच म्हणाले, "बाय खरं सांगतेय."

पुढे त्यांनी जे केलं ते पाहून व्यापाऱ्याचा चहा कपातच राहिला. काढलेले चारही नट मिस्त्रींनी पुन्हा चाकावर चढवले. टेकेपर्यंत फिरवले, मग प्रत्येकी दोन फेरे सैल केले. जॅक उतरवला, हँडब्रेक सोडला.

"मिस्त्री, चाक काढायचंय की बसवायचंय?" शिष्यानं विचारलं.

"ढकल. हातभर पुढं, हातभर मागं."

शिष्य आणि व्यापारी ढकलू लागले. तिसऱ्या खेपेला आतून कट्ट असा आवाज आला. मिस्त्रींनी बाकीच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली जाड फळी घातली, गाडी उचलून नट काढले. चाक अलगद हातात आलं.

मग ते शिष्याला म्हणाले, "गंजानं धरलेलं चाक बळानं सोडवायला गेलास, तर चाकाआधी गाडी सुटते आणि माणूस खाली सापडतो. गाडीचाच भार सावकाश हलवला, की गंज आपण होऊन तुटतो. आणि नट कशाला ठेवले? चाक सुटावं, पण निसटू नये म्हणून. सोडवायच्या घाईत, धरून ठेवणारं सगळंच काढून टाकू नये, बाबा. बायनं तुझे पाय धरले, तेही नटाचंच काम."

शिष्य माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काकू, चुकलो."

"चुकलास ते दिसलं," मी म्हटलं. "ऐकलंस, ते पुष्कळ झालं."

व्यापाऱ्यानं मुकाट्यानं बाकावर मला जागा करून दिली. मग मिस्त्रींना म्हणाला, "पण एवढा गंज धरला कसा?"

"चाक बसवताना त्याची बैठक, म्हणजे चाक जिथं टेकतं ती जागा, घासायची असते, तिच्यावर ग्रीसचं बोट फिरवायचं असतं. मासळीच्या गाडीतून खारं पाणी गळतं. इथं तर विसरून चालतच नाही."

"मग विसरलं कोण?"

मिस्त्रींनी चाक उलटं केलं. त्यांच्याकडे रीत होती, चाक बसवेल त्यानं आतल्या कडेला रंगानं आपलं नाव घालायचं. शिष्यानं फडक्यानं कड पुसली आणि मनातल्या मनात वाचलं. गुरूचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना.

"मोठ्यानं वाच," मिस्त्री म्हणाले. "त्यासाठीच लिहितो आपण."

मी मनोमन हात जोडले. शिष्यानं मान खाली घालून वाचलं, "भिकाजी तोरसकर."