गोदीच्या चाळींना उंबरा नाही

चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नव्हे. या खाडीकाठच्या गोदीच्या चाळी. नीट बघा, एकाही दाराला उंबरा नाही. पाऊस आला की पाणी थेट चुलीपर्यंत जातं. जाऊ दे.

इथे आमचं गाव होतं. मोठ्या लढाईत जहाजं दुरुस्त करायला गोदी उभी राहिली. तिथल्या कामगारांना आणि फौजेतल्यांच्या बायकापोरांना राहायला जागा हवी, म्हणून सरकारने आमची घरं पाडली. लढाई संपली की जमीन परत, असा शब्द दिला होता म्हणे. गोमूबाय नावाची कोळीण तेव्हा गावात वडीलधारी. तिने घराघरांतल्या बायकांकडून उंबरे उपटून घेतले आणि ते डोक्यावर घेऊन अख्खं गाव ही समोरची टेकडी चढलं. जाताना ती घरं पाडायला आलेल्या मुकादमाला म्हणाली, असं सांगतात, "आमची जमीन परत मिलंपरत हितं कोनी उंबरा बसवायचा नाय. बसवंल त्याचा मानूस तो वलांडून गेला का परत येनार नाय."

चाळीत आलेले लोक हसले. भिवा मेस्त्री त्यांतलाच, गोदीतला सुतार. त्याचा मुलगा लढाऊ जहाजावर होता. मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा सून माप ओलांडणार कुठे, हा प्रश्न आला. भिवाने मोडीत निघालेल्या जहाजाच्या सागवानाचा उंबरा केला. जन्मभर पाण्यात राहिलेलं लाकूड, त्याला जमिनीचा शाप कसा लागेल, असं त्याला वाटलं. सून माप लवंडून आत आली. रजा संपल्यावर मुलगा तोच उंबरा ओलांडून गेला. त्याचं जहाज परतलं नाही.

भिवा टेकडी चढून आला म्हणे. गोमूबायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मुलगा परत मागितला.

"आमची जमीन दे," ती म्हणाली.

ती सरकारची, तो देणार कुठून? घरी जाऊन त्याने स्वतःच्या हातांनी उंबरा उखडला आणि खाडीत टाकला. पुढे लढाई संपली, गोदीही बंद पडली. चाळी तशाच राहिल्या.

तुम्हाला भिवाचं वाईट वाटतंय, दिसतंय तोंडावर. मला नाही वाटत. आमची घरं पाडली तेव्हा त्याच जागेवर तो बिऱ्हाड मांडायला आला होता.

आजही चाळीत नवी नवरी आली की तांदळाचं माप घेऊन टेकडीवरच्या आमच्या वाडीत येते. उंबरा बसवू का, असं दारोदार विचारते. आमच्या बायका दारं लावून घेतात. ती माप अंगणात ठेवून खाली जाते. तो तांदूळ आम्ही शिजवत नाही, कोंबड्यांपुढे टाकतो.