चांदीवर न उठणारी राणी

एक होता राजा, आणि त्याला वाटायचं, आपण सोडून बाकी कुणाला नाव नसलं तरी चालतं. त्याची राणी वारली. तेराव्यालाच त्याने साळू सोनारणीला बोलावणं धाडलं. साळू टाक घडवायची. टाक म्हणजे, बरं का, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला गेलेल्या माणसाचा चेहरा. पहिली बायको गेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, अशी तिकडची रीत.

राजा म्हणाला, आठ दिवसांत टाक हवा. नवव्या दिवशी लग्न. नवरी म्हणून तुझी ती मुलगी पसंत केली आहे.

साळूने विचारलं, "तिला विचारलंत, सरकार?"

"राणी करतोय तिला. तोंड काय पाडतेस? टाक झाला नाही तर तुझी बोटं छाटीन. लग्न तर होणारच."

साळू घरी आली. तापवून मऊ केलेल्या राळेच्या थरावर चांदीचा पत्रा ठेवला आणि गेलेल्या राणीचं नाव घेत हातोडी मारू लागली. नाव घेतलं की चेहरा उठायचा, तिच्या हाताला तसा गुणच होता. राजलक्ष्मी, राजलक्ष्मी. पत्रा सपाट. दुसरा घेतला. सपाट. तिसरा घेतला. ताटलीसारखा सपाट.

मग साळूच्या ध्यानात आलं. राजाच्या आईचं नाव राजलक्ष्मी, आजीचंही तेच. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात अंगठीने तेच नाव लिहायचं. नाव ठरलेलं, बाई बदलायची. उद्या माझ्या लेकीचं, केवडाचं नावही असंच पुसतील. साळू पेटली.

तिने भटजींना राणीचं लग्नाआधीचं नाव विचारलं. ते म्हणाले, पोथीत माहेरचं नाव लिहीत नाहीत. दासीला विचारलं. ती म्हणाली, दुसरं नाव घेतलं असतं तर फटके बसले असते. मग थेट राजालाच विचारलं.

राजा म्हणाला, "मला काय ठाऊक? सोळा वर्षं होती इथे. कधी गरज पडली नाही."

साळू तडक निघाली. दोन दिवस चालून राणीच्या माहेरी पोचली. राणीची आई अंगणात गोवऱ्या थापत होती. लेक गेल्याचा निरोपसुद्धा तिला कुणी धाडला नव्हता. तो साळूलाच सांगावा लागला. म्हातारी शेणाचे हात घेऊन तशीच बसून राहिली. साळूने लेकीचं नाव विचारलं, तशी बोलली.

"बायजा. माझी बायजा होती ती."

साळू परतली. पत्रा घेतला आणि हाक मारली, बायजा. पहिल्याच ठोक्याला भुवया उठल्या, मग डोळे, मग घट्ट मिटलेले ओठ. चेहरा रागाने नुसता फुलला होता.

लग्नाच्या दिवशी राजाने तो पाहिला आणि म्हणाला, हसरी कर हिला.

साळू म्हणाली, "सोळा वर्षांचा राग आहे, सरकार. माझ्या हातोडीने जायचा नाही."

राजाने दुर्लक्ष केलं आणि तांदळात अंगठी टेकवली. तशी केवडाने ताट मागे ओढलं.

"माझं आताचं नाव सांगा. मग बदला."

राजा म्हणाला, राजलक्ष्मी. लगेच त्याच्या भुवया पुसल्या गेल्या. तो चिडून म्हणाला, सोनारणीची पोर. नाक सपाट झालं. तो ओरडला, बाईला नाव कशाला हवं? आणि तोंडच मिटलं, जणू तिथे कधी नव्हतंच. सपाट, ताटलीसारखं.

पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हा कोण? मांडवात कसा शिरला? त्यांनी त्याला दंडाला धरून वेशीबाहेर नेऊन सोडलं. कुणी शोधायला गेलं नाही.

साळूने टाक बायजाच्या आईला नेऊन दिला. केवडा आईच्या शेजारी बसून घडणावळ शिकली, आणि तिकडे तांदळात नाव लिहिणं बंद झालं. सगळ्या सुखाने राहिल्या.

चला, डोळे मिटा आता. आणि सकाळी उठल्यावर आईला विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणायचे. मलाही विचारलंत तरी चालेल. मला अजून कुणी विचारलेलं नाही.