चार मुशींची घंटा

पूर्वी नदीकाठच्या एका नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ओताऱ्यांच्या कुळात जन्मला आणि पुढे तेथील ओताऱ्यांचा मुख्य झाला. त्याच्या हाताखाली तिघे होते. प्रत्येकाची भट्टी वेगळी, तांब्यात कथील किती घालायचे हे गुपित वेगळे, घंटेवर उमटवायची खूणही वेगळी.

पूर आला की खालच्या वस्तीतली माणसे वाहून जात. म्हणून राजाने आज्ञा केली, "पावसाळ्यापूर्वी मोठी घंटा ओता. आवाज शेवटच्या झोपडीपर्यंत गेला पाहिजे."

एवढ्या घंटेचा धातू वितळवायला एक मूस पुरणारी नव्हती. बोधिसत्त्व म्हणाला, "चौघांनी एकाच प्रमाणाचं कासं वितळवू आणि एकदमच ओतू. मागेपुढे झालं तर थर जुळणार नाहीत."

पुण्णक हा त्यांतला सर्वांत कुशल. तो म्हणाला, "काका, वाजली तर नाव तुमचं, फुटली तर बोट माझ्याकडे. माझं प्रमाण मी बायकोलाही सांगितलेलं नाही!"

"आमचंही तेच," दुसरे दोघे हसून म्हणाले.

शेवटी ज्याने त्याने आपले कासे आपल्या वेळी ओतले. साचा फोडून टोला दिला, तेव्हा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. घंटेला आडवी चीर गेली होती.

"चूक कोणाची?" राजाने विचारले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पुण्णकाचे कासे सर्वांत उशिरा पडले होते, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होते. तो म्हणाला, "महाराज, मुख्य मी. चूक माझी."

राजाने मुख्यपद काढून पुण्णकाला दिले. पावसाळ्याला एकवीस दिवस उरले होते.

आता पुण्णकाने सर्वांना एकदम ओतायला सांगितले. दोघे म्हणाले, "वा! काका हेच सांगत होते तेव्हा कुठे होतास? आता नाव तुझं आणि राबायचं आम्ही?"

तेवढ्यात बोधिसत्त्व आपली मूस घेऊन आला आणि सर्वांसमोर म्हणाला, "माझं प्रमाण ऐक, पुण्णका. चार भाग तांबं, एक भाग कथील. कमीजास्त करायचं तर सांग. मी भात्यावर बसतो."

पुण्णकाने आपली मूस आणून तिच्याशेजारी ठेवली. मग म्हणाला, "माझ्यात कथील किंचित जास्त असतं. त्यानं आवाज लांब जातो."

हे ऐकून त्या दोघांनीही आपापले प्रमाण सांगितले आणि चौघांचे मिळून एकच प्रमाण ठरले. सोळाव्या दिवशी चारही मुशी एकदम कलंडल्या.

श्रावणात भर दुपारी पूर आला आणि घंटा वाजली. शेवटच्या झोपडीतली म्हातारी कोंबड्यांची डालगी घेऊन सर्वांच्या मागून टेकडीवर पोहोचली. दुसऱ्या दिवशी तिने घंटेवर खूण शोधली. ती सापडेना.

"कोणी ओतली रे ही?" तिने विचारले.

"आम्ही," पुण्णक म्हणाला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहारात चीवराची वस्त्रे शिवताना इतरांबरोबर बसायला तयार नसलेला हा भिक्षू तेव्हा पुण्णक होता. त्याचे इथले दोघे सोबती ते दोन ओतारी, आणि मुख्य ओतारी मीच होतो."

आपले गुपित आणि आपले नाव दुसऱ्याच्या हाती सोपवणे, हीही दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णताच होय.