बादलीभर भिक्षा

“स्वच्छता केली, हे पाप झालं का महाराज?”

शामराज तळ्याकडे बघत विचारत होता. उद्या पहाटे त्याची दीक्षा. महाराज त्याच्या कानात मंत्र सांगणार, याची त्यानं वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. आणि मठामागचं हिरवं तळं काळं पडून असं घाणत होतं की विचारू नका.

मठाचं सगळं सांडपाणी, अगदी संडासाचंसुद्धा, त्या तळ्यात उतरे. तिथं निवळून केळीच्या बागेला जाई. शामराज पडला कडक सोवळ्याचा. दीक्षेआधी मठ शुद्ध करावा म्हणून पठ्ठ्यानं गेल्या आठवड्यात गटारात पोत्यानं ब्लीचिंग पावडर ओतली. उत्साहाला औषध नसतं.

भैरवगिरी महाराज काठावर उकिडवे बसले होते.

“पाप कशाला? पाण्यात जीव होते, डोळ्यांना न दिसणारे. ते मळ खायचे. शेवाळ त्यांना प्राणवायू द्यायचं आणि त्यांनी मोडलेल्या मळावरच पोसायचं. सगळे गेले.”

“मग आता?”

“नवे आणायचे. विरजण संपलं की शेजारून मागतोच ना आपण? पलीकडच्या वाडीत असंच तळं आहे. भिक्षा मागून आण.”

दीक्षेआधी भिक्षा मागायची, ही मठाची रीत. शामराजनं त्यासाठी झोळी धुऊन, वाळवून ठेवली होती.

महाराजांनी बादली पुढे सरकवली.

“तळाचा गाळ माग. थोडं वरचं हिरवं पाणीही.”

“महाराज... संडासाचा गाळ? भिक्षेत?”

महाराजांनी बादली आणखी पुढे सरकवली.

“नाही आणला तर...?”

“केळी वाळतील. दीक्षाही राहून जाईल.”

शामराजला रडूच यायचं बाकी होतं. पण गेला. वाडीत उभा राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणाला आणि बादली पुढे केली. काय हवंय ते ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बादली मात्र काठोकाठ भरून दिली. ती त्यानं दोन्ही हातांनी सांभाळत आणली आणि तळ्यात सोडली.

पहाटे तो न्हाऊन महाराजांसमोर बसला. नजर खाली.

“महाराज, हात खूप चोळले. वास जात नाही.”

“साबण?”

“नाही लावला. ते पाणी तळ्यातच उतरतं ना... कालच आलेत ते जीव.”

महाराज पुढे वाकले.

“जवळ ये. कान इकडे कर.”